एका गोळीत तीन औषधं: डोकेदुखीची संयुक्त गोळी जपून कशी घ्यायची

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, इंदूरच्या मराठी घरातला औषधांचा डबा उघडला की डोकेदुखीच्या गोळ्या एकाच जातीच्या निघत नाहीत. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेला दोन गोळ्यांचा तुकडा असतो, त्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलेली. तापासाठी आणलेला पॅरासिटामॉल ६५० चा अर्धा पत्ता असतो. सर्दीच्या गोळ्या असतात. आणि घरातलं कोणी अमेरिकेत असेल तर एक नारिंगी, पारदर्शक बाटलीही असते. तिकडच्या डॉक्टरांनी घरातल्या एकाला लिहून दिलेली, आणि मग 'डोकं फारच दुखलं तर घ्या' म्हणून आईबाबांकडे ठेवून गेलेली.

त्या बाटलीतली कॅप्सूल आणि आपल्याकडच्या पत्त्यांतल्या तिच्या बहिणी, या सगळ्यांबद्दल हे लिहिलं आहे. या गोळ्या वाईट आहेत असं मुळीच नाही. योग्य माणसाला, योग्य दुखण्यावर, महिन्यातून मोजक्या दिवशी दिल्या तर त्या उपयोगी पडतात. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. एक, गोळीच्या पोटात काय आहे हे न पाहता ती घेतली जाते. दोन, लोक दिवसाच्या गोळ्या मोजतात, पण महिन्यातले दिवस मोजत नाहीत.

आधी दुखणं कोणतं ते ठरवू. तणावाची डोकेदुखी म्हणतात ती साधारण अशी असते: डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी, दाबल्यासारखी. ठणका नसतो. जिना चढला म्हणून वाढत नाही, उलटी होत नाही, माणूस काम रेटत राहू शकतो. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत ती टिकते. मान आणि खांद्याचे स्नायू बऱ्याचदा दाबले की दुखतात. नाव 'तणावाची' असलं तरी मनावर ताण असेलच असं नाही. रात्री सराफ्यात एक वाजेपर्यंत जागरण, सकाळी न खाता ऑफिस, दिवसभर मान खाली घालून मोबाइल, मे महिन्यात पाणी कमी पिणं, एवढंही पुरतं. याउलट अर्धं डोकं ठणकणं, मळमळ, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटणं, ही अर्धशिशीची लक्षणं. तिची औषधं वेगळी आहेत, आणि दोन्ही दुखण्यांना एकच गोळी मारणं ही पहिली चूक.

आता ती अमेरिकन कॅप्सूल. तिच्यात तीन औषधं असतात: ब्यूटालबिटाल ५० मिलिग्रॅम (मिग्रॅ), अ‍ॅसिटअमिनोफेन ३०० किंवा ३२५ मिग्रॅ आणि कॅफीन ४० मिग्रॅ. नेहमीचा डोस एक किंवा दोन, दर चार तासांनी, गरज असेल तरच. आणि २४ तासांत सहापेक्षा जास्त नाही. काही प्रकारांत अ‍ॅसिटअमिनोफेनच्या जागी अ‍ॅस्पिरिन ३२५ मिग्रॅ असतं. काहींत वर कोडीन ३० मिग्रॅ घातलेलं असतं, म्हणजे अफूच्या कुळातलं औषध. बाटलीवर कोडीनचं नाव दिसलं तर ती घरच्या डब्यात ठेवायची गोष्टच नाही. ही कॅप्सूल आपल्या दवा बाजारात शोधायला जाऊ नका; ब्यूटालबिटाल भारतातल्या औषधांच्या दुकानांत मिळत नाही.

पहिला सापळा नावाचा आहे. अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणजेच आपलं पॅरासिटामॉल. अमेरिकेत त्याला ते नाव, इथे हे. तिकडच्या लेबलवर कधीकधी नुसतं 'एपीएपी' असं आखूड लिहिलेलं असतं, तेही तेच. बाटलीवर पॅरासिटामॉल दिसलं नाही म्हणून 'हे वेगळं औषध आहे, त्याबरोबर तापाची गोळी चालेल' असं समजून दोन्ही घेतली जातात, आणि यकृतावर दुप्पट भार पडतो.

हिशोब करून पाहू. घरात सर्दी-ताप आला आहे आणि डोकंही दुखतं आहे. दिवसभरात त्या कॅप्सूल सहा झाल्या: ३२५ गुणिले ६, म्हणजे १९५० मिग्रॅ. तापासाठी ६५० च्या दोन: १३००. सर्दीच्या गोळ्या तीन, प्रत्येकीत बहुधा ५०० पॅरासिटामॉल: १५००. एकूण ४७५० मिग्रॅ. निरोगी, ५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या मोठ्या माणसासाठी २४ तासांतली वरची हद्द ४००० आहे. वजन कमी असेल, रोज दारू घेतली जात असेल, यकृताचा आजार असेल, चार दिवस पोटात नीट अन्न गेलं नसेल, तर डॉक्टर ही हद्द २००० पर्यंतही खाली आणतात. या माणसाने कुठलीही एक गोळी जास्त घेतली नाही. प्रत्येक पत्त्याच्या हिशोबाने तो मर्यादेतच आहे. ओलांडली ती सगळ्यांची मिळून असलेली मर्यादा, आणि ती पत्ता पाहून सहज लक्षात येत नाही.

यकृताला नेमकं काय होतं? पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत सरळ निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो. यकृताच्या पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते या विषाला धरून बांधून टाकतं. मात्रा वाढली की विष जास्त तयार होतं आणि ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग विष पेशींनाच मारू लागतं. उपाशी माणसाचा आणि रोज पिणाऱ्याचा हा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्यांची हद्द खाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०११ मध्ये चिठ्ठीवर मिळणाऱ्या संयुक्त गोळ्यांमधलं अ‍ॅसिटअमिनोफेन एका गोळीत ३२५ मिग्रॅपेक्षा जास्त नको असं कंपन्यांना सांगितलं, ते याच कारणाने.

सगळ्यात फसवी बाब पुढची आहे. जास्त मात्रा पोटात गेल्यावर पहिला दिवस माणूस ठीकच असतो. थोडी मळमळ, घाम, कधी तेही नाही. यकृत बिघडल्याची चिन्हं, म्हणजे उजव्या बरगडीखाली दुखणं, कावीळ, गुंगी, ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतात. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तरच पूर्ण जोराने काम करतो. म्हणून चुकून किंवा जाणूनबुजून जास्त गोळ्या गेल्या असं कळलं की 'बघू सकाळी कसं वाटतं' असं करू नका. १०८ ला फोन करा किंवा एमवाय इस्पितळाच्या तातडीच्या विभागात, नाहीतर जवळच्या मोठ्या इस्पितळात जा. सगळे पत्ते आणि बाटल्या बरोबर न्या, आणि किती वाजता घेतल्या ते सांगा. घरी उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका.

आता ब्यूटालबिटाल. लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असलेला, आणि सगळ्यात जास्त जपायचा घटक हाच आहे. हे बार्बिच्युरेट कुळातलं औषध. एकेकाळी झोपेच्या गोळ्या याच कुळातल्या असायच्या. ते मेंदूचा वेग कमी करतं, स्नायू सैल करतं, माणसाला शांत करतं. 'गोळी घेतल्यावर फार बरं वाटतं' असं जे लोक सांगतात, त्यात दुखणं थांबल्याबरोबर या शांतपणाचाही भाग असतो. सवय इथूनच लागते. १९७१ च्या मनोविकारी पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याचं नाव नियंत्रित यादीत आहे.

त्याचा आणखी एक गुण लक्षात ठेवा: ते शरीरातून फार सावकाश जातं. निम्मं बाहेर पडायला साधारण ३५ तास लागतात. पॅरासिटामॉलला यासाठी दोन-तीन तास पुरतात. म्हणजे आज संध्याकाळी सहाला कॅप्सूल घेतली तर उद्या संध्याकाळी सहाला तिच्यातलं ६० टक्क्यांच्या आसपास ब्यूटालबिटाल अजून अंगात असतं. दुखणं थांबवण्याचा परिणाम कधीच ओसरलेला, पण औषध आहे. त्यावर दुसरी घेतली, परवा तिसरी, तर साठा चढत जातो. सकाळी डोकं जड, तोंडात आलेला शब्द विसरणं, चालताना किंचित झोक जाणं, हे सारं 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. सत्तरीच्या आजोबांना ही कॅप्सूल देणं म्हणजे रात्री बाथरूमला जाताना पडण्याला निमंत्रण. वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची बीअर्स यादी डॉक्टर वापरतात, तिच्यात बार्बिच्युरेटं आहेत. गोळी घेतल्यावर स्कूटर चालवायची नाही. पलासियापासून राजवाड्यापर्यंतच्या गर्दीत अर्ध्या क्षणाचा उशीरही पुरतो.

दारूबरोबर ही गोळी कधीही नाही, एक पेगसुद्धा नाही. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, तसंच ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेलं दुखण्याचं किंवा खोकल्याचं औषध, यांच्या जोडीला ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. घोरत पडलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि लगेच १०८. त्याशिवाय ब्यूटालबिटालचं कूळ यकृताला इतर औषधं लवकर संपवायला शिकवतं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध किंवा गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर त्यांचा जोर कमी पडू शकतो. पोर्फिरिया हा दुर्मिळ आजार असलेल्यांना ती पूर्ण वर्ज्य. गरोदरपणाच्या शेवटी आईने सतत घेतली तर बाळाला जन्मानंतर झटके येऊ शकतात. म्हणून गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा घटक कॅफीन, आपला रोजच्या ओळखीचा. ते वेदनाशामकाचा परिणाम थोडा वाढवतं. मात्र हा फायदा संशोधनात स्पष्ट दिसतो तो १०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त मात्रेला, आणि तोही फार मोठा नाही. कॅप्सूलमधले ४० मिग्रॅ म्हणजे जवळपास एक कप चहा. सहा कॅप्सूल म्हणजे २४०, वर दिवसाचे पाच चहा, असं मिळून ४०० च्या पुढे जातं. मग झोप लागत नाही, छाती धडधडते, आणि न झोपल्याने उद्या पुन्हा डोकं दुखतं.

कॅफीनची दुसरी बाजू आपल्या घरात दर वर्षी दिसते. हरतालिकेचा निर्जळी उपवास. सकाळी अकराच्या सुमाराला डोकं दुखायला लागतं, दुपारपर्यंत फुटायला येतं, आणि सगळे म्हणतात पित्त झालं. रोज चार-पाच चहा घेणाऱ्या बाईचा चहा एकदम तुटला की २४ तासांच्या आत डोकं दुखणं हे कॅफीन तुटल्याचंच लक्षण असतं. त्यात भूक आणि तहान मिसळलेली. अशा वेळी रिकाम्या पोटी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी घेणं सगळ्यात वाईट, कारण जठराचं अस्तर आणि पाणी कमी पडलेली किडनी दोन्हींना ती बोचते. उपवासाच्या आधी आठवडाभर रोजचा एकेक चहा कमी करत आणला तर दुखणं बरंच कमी होतं. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी निर्जळी उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. देवी तेवढी समजून घेते.

आता महिन्यातले दिवस. आमच्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. वेदनाशामक फार दिवस घेतलं की ते स्वतःच डोकेदुखी निर्माण करतं. औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी असं या दुखण्याचं रीतसर नाव आहे आणि त्याच्या ठरलेल्या रेषा आहेत. नुसतं पॅरासिटामॉल किंवा नुसतं आयबुप्रोफेन असेल तर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस. संयुक्त गोळी, अर्गोटामिन किंवा ट्रिप्टान ही अर्धशिशीची औषधं, किंवा अफूच्या कुळातलं औषध असेल तर १० किंवा जास्त दिवस. आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चाललेलं. नीट वाचा: गोळ्या नाही, दिवस. एका दिवशी चार घेतल्या तरी तो एक दिवस. रोज अर्धी घेतली तर ते तीस दिवस, आणि ही अर्धीवाली मंडळीच जास्त अडकतात, कारण त्यांना वाटतं आपण फार कमी घेतो.

ब्यूटालबिटालच्या बाबतीत रेषा आणखी अलीकडे धरलेली बरी. अर्धशिशीच्या रुग्णांमध्ये महिन्यात पाच दिवसांच्या आसपास वापरसुद्धा दुखणं कायमचं होण्याशी जोडलेला आढळला आहे. त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रातही स्पष्ट म्हटलं आहे की वारंवार येणाऱ्या डोकेदुखीसाठी ते प्रभावी आणि सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. म्हणून साधा नियम: आठवड्यातून दोन दिवस ही कुठल्याही डोकेदुखीच्या गोळीची कमाल. संयुक्त गोळी त्याहूनही कमी. ब्यूटालबिटाल असलेली तर डॉक्टरांनी तुमच्या नावाने लिहिली असेल तरच, आणि महिन्यातून दोन-तीन दिवसांपुरती.

मोजायला काही विकत आणावं लागत नाही. भिंतीवर कालनिर्णय असतंच. डोकं दुखलं त्या तारखेवर टिंब, गोळी घेतली तर टिंबाभोवती गोल, आणि गोलाशेजारी गोळीचं पहिलं अक्षर. महिनाअखेरीस गोल मोजा. आठच्या वर गेले असतील तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरकडे जायची वेळ झाली. पाळी, जागरण, उपवास, लग्नघरातला डीजे, हेही पेन्सिलीने लिहून ठेवलं तर दोन महिन्यांत स्वतःचं कारण स्वतःलाच दिसायला लागतं.

गोलांची संख्या आधीच पंधरा-वीस झाली असेल तर? इथे औषधानुसार रस्ता बदलतो, आणि ही चूक जिवावर येऊ शकते. नुसतं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, किंवा कॅफीन मिसळलेली साधी गोळी असेल तर डॉक्टर ती बहुधा एका दिवसात बंद करायला सांगतात. पुढचे दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं, मळमळ होते, झोप उडते. पुष्कळ लोक याच दिवसांत हात टेकतात आणि पुन्हा पत्ता उघडतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, शक्य असेल तर दोन-चार दिवसांची रजा घ्या. खरा फरक दिसायला दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात.

ब्यूटालबिटाल रोज घेत असाल तर मात्र ते एकदम कधीही बंद करू नका. शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत हात कापणं, घबराट, स्नायू फडफडणं, उलट्या, झोप न येणं सुरू होऊ शकतं. १६ तासांच्या आसपास फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि हा धोका पाच दिवसांपर्यंत राहतो. असं घडू शकतं ते कसं, तर अमेरिकेहून आलेली मावशी दोन महिने राहते, बाटली संपते, इथे ती मिळत नाही, आणि चौथ्या दिवसाच्या आतच तिला इस्पितळात न्यावं लागतं. तिथे कुणालाच कळत नाही की फिट का आली. पाहुणे गोळ्या घेऊन येतात तेव्हा त्यांना दोनच प्रश्न विचारा: हे रोज घेता का, आणि परतीच्या दिवसापर्यंत पुरेल का? उत्तर 'रोज' असेल तर आठवडाभर आधीच मेंदूविकार तज्ज्ञांना गाठा. ते हळूहळू डोस उतरवतात, किंवा फिनोबार्बिटोन या त्याच कुळातल्या औषधावर नेऊन मग ते कमी करत आणतात. हे घरी करायचं काम नाही. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलम रोज चालू असेल तर त्यालाही हाच नियम.

इथल्या पत्त्यांकडे वळू. काउंटरवर जाऊन 'भैया, सिरदर्द की वो वाली दे दो' म्हटलं की हातात काय येईल याचा नेम नसतो. पॅरासिटामॉल आणि कॅफीन असेल. पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन असेल. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असेल. असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल असेल. नेप्रोक्सेन आणि डोम्पेरिडोन असेल, जे खरं तर अर्धशिशीचं. आणि अर्गोटामिन, कॅफीन, पॅरासिटामॉल व प्रोक्लोरपेराझिन अशी चार औषधांची गोळीही असेल. ही शेवटची विशेष जपायची. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. तणावाच्या डोकेदुखीत तिचं काही काम नाही, आणि हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गर्भारपण यांत ती चालतच नाही. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन चालू असताना ती घेतली तर हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा तुटून बोटं काळी पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. बोटांना मुंग्या येणं, ती गार आणि फिकट पडणं, ही सुरुवातीची खूण.

अशा मिश्रणांवर सरकारचीही नजर आहे. मार्च २०१६ मध्ये ३४४, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ संयुक्त औषधांवर केंद्राने बंदी घातली. मुद्दा एकच होता: दोन-तीन औषधं एकत्र घालण्याला उपचाराच्या दृष्टीने पुरेसं कारण हवं. 'एकात दोन' हे गोळीच्या बाबतीत आपोआप चांगलं ठरत नाही. मिश्रणात डोस वेगवेगळा कमीजास्त करता येत नाही, आणि त्रास झाला तर कशाने झाला ते कळत नाही.

म्हणून पत्ता हातात आला की मोठ्या अक्षरातलं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरांत घटक आणि मिग्रॅ लिहिलेले असतात, ते वाचा. अक्षरं फार बारीक असतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. लाल चौकट आणि इशारा दिसला तर ते शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार दुकानदाराला चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि रुग्णाची, डॉक्टरांची नोंद ठेवावी लागते. दोनच गोळ्या हव्या असतील तर नाव आणि एक्सपायरी छापलेल्या बाजूच्या मागा. तुकड्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर ती गोळी घेऊ नका, डब्यात ठेवू नका.

साध्या तणावाच्या डोकेदुखीला बहुतेक वेळा एकाच औषधाची गोळी पुरते. पॅरासिटामॉल ५०० च्या दोन, म्हणजे १००० मिग्रॅ एकदा, वजन ५० किलोपेक्षा जास्त असेल तर. किंवा जठर, किडनी, हृदय, दमा यांचा त्रास नसेल आणि पोटात चार घास असतील तर आयबुप्रोफेन ४००. दुखणं चढल्यावर अर्धी-अर्धी करत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच पूर्ण डोस एकदा घेतलेला चांगला. त्याआधी दोन ग्लास पाणी, काही खाणं, मानेला दहा मिनिटं गरम शेक, आणि वीस मिनिटं मोबाइल बाजूला. १६ वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही. त्याने क्वचित रेय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होतो. गर्भवतींनी आयबुप्रोफेनच्या कुळातली औषधं, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

महिन्यात पंधराच्या वर दिवस डोकं दुखत असेल तर दुखल्यावर गोळी हा मार्गच चुकीचा, तिथे दुखू नये म्हणून औषध लागतं. बहुधा अमिट्रिप्टिलीन, रात्री १० मिग्रॅपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. हे मुळात नैराश्याचं औषध आहे, म्हणून चिठ्ठी पाहून लोक बिचकतात; पण दुखण्यासाठी ते फार लहान मात्रेत देतात आणि त्याची नशेची सवय लागत नाही. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी सुस्ती राहते. परिणाम कळायला महिना-दीड महिना लागतो; आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हेच औषध क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर जोडूनही मिळतं, ते मात्र सवय लावणारं आहे. तुमच्या चिठ्ठीत ते जोड-औषध आहे का आणि किती दिवसांसाठी, हे विचारायला संकोच करू नका.

आणि या वेळी गोळी नको, सरळ इस्पितळ: वीज पडावी तशी एका मिनिटात टोकाला गेलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, खोकताना किंवा आडवं पडल्यावर वाढणारं, गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेलं, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, त्यातही जेवताना जबडा दुखत असेल किंवा कानशिलाची शीर हाताला जाड लागत असेल तर त्याच दिवशी, कारण उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

डॉक्टरकडे जाताना कालनिर्णयाची ती दोन-तीन पानं फोटो काढून न्या. घरातला औषधांचा डबाच पिशवीत घाला, अर्धवट तुकडे आणि नारिंगी बाटलीसकट. रक्तदाब, थायरॉइड, मधुमेहाच्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, झोपेसाठी कधीमधी घेतली जाणारी अर्धी गोळी, सगळं टेबलावर मांडा. दिवसाला किती चहा होतात आणि दारू घेता का हे खरं सांगा. नको असलेल्या गोळ्या कोणत्या ते तिथेच विचारा, आणि उरलेल्या कुलूप लागणाऱ्या कपाटात, नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा.